गाराजातली उत्तरे : तांबड्या रंगाची घाई कशाला?

मागच्या अंकात जुन्या स्पोर्ट्स गाड्यांवर प्रश्न मागवले होते. पत्रे आली ती बहुतेक एमजी या इंग्लिश गाड्यांवरची, आणि ते साहजिकच आहे. पन्नासच्या दशकात, पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात खाणींचा पैसा खेळू लागला. पलीकडे भारतात आयातीवर बंधने असताना आपल्या मुरगाव बंदरात परदेशी गाड्या सहज उतरत. त्यातल्या कितीतरी १९६१ च्या मुक्तीनंतर घाटावर गेल्या, काही इथेच पडव्यांत राहिल्या. राहिलेल्या गाड्या थोड्या, त्यांच्या गोष्टी मात्र घरोघर. सगळ्यांत लांबलचक पत्र आधी घेतो.

प्रश्न : भाई, डिचोलीच्या आमच्या घरी मागच्या पडवीत आजोबांची एमजी टीसी उभी आहे. १९४८ चे मॉडेल, असे वडील सांगायचे. आजोबांनी ती पणजीत एका पोर्तुगीज लष्करी अधिकाऱ्याकडून घेतली. तो मकावहून बदलून आला होता आणि ही गाडी मकावच्या शर्यतीत पहिली आली होती, असे आम्ही लहानपणापासून ऐकतो. आता एक गॅरेजवाला म्हणतो, गाडी पूर्ण उघडून वाळूच्या माऱ्याने सँडब्लास्ट करू, तांबडा रंग मारू, दोन्ही दारांवर नंबराचे पांढरे गोल काढू, म्हणजे शर्यतीची गाडी म्हणून चांगला भाव येईल. करावे का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : पांढरे गोल काढू नका. एवढे आधी सांगतो, बाकीचे सावकाश.

मकाव ही चीनच्या किनाऱ्यावरची पोर्तुगीज वसाहत. तिथली शर्यत सुरू झाली १९५४ मध्ये. पहिल्या वर्षी ती एदुआर्दु द कार्व्हाल्यु याने जिंकली, ट्रायम्फ टीआर २ घेऊन. दुसऱ्या वर्षी ऑस्टिन-हीली जिंकली, पुढची दोन वर्षे मर्सिडीज, मग अॅस्टन मार्टिन, मग जॅग्वार. १९६१ पर्यंतच्या विजेत्यांत एमजी नाही. तेव्हा 'पहिली आली' एवढा भाग गोष्टीतून वजा करा.

उरलेली गोष्ट मात्र लगेच टाकून देऊ नका. टीसीने शर्यतीत भाग घेतला होता, हे सांगणे म्हणजे बेतूलची होडी मासे धरायला गेली होती असे सांगण्यासारखे आहे. १२५० सीसीचे इंजिन, ५४ अश्वशक्ती, एकोणीस इंची तारांची चाके, दोन माणसे बसतील एवढी जागा. अशी सुमारे दहा हजार गाडी १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमधल्या अबिंग्डनच्या कारखान्यातून निघाली आणि ज्याच्याजवळ मोठ्या शर्यतीच्या गाडीचे पैसे नव्हते त्याने रविवारी हीच पळवली. १९४७ ची ऑस्ट्रेलियन ग्रांप्री बाथर्स्टला बिल मरे याने टीसीवर जिंकली. हँडिकॅपची, म्हणजे हळू गाड्या आधी सोडतात तशी शर्यत होती, पण जिंकली. १९६१ चा विश्वविजेता फिल हिल हासुद्धा उमेदीच्या काळात टीसीच पळवत होता. इकडे मद्रासला शोलावरमच्या जुन्या विमानतळावर पन्नाशीच्या दशकात शर्यती सुरू झाल्या, तिथेही असल्या छोट्या इंग्लिश गाड्या असायच्या. म्हणून तुमच्या आजोबांची गाडी कुठेतरी पळाली असेल, यात अशक्य काही नाही. मात्र 'असेल' आणि 'पळाली' यांच्या मधले अंतर कागदाने आणि लोखंडाने भरून काढावे लागते. रंगाने ते भरत नाही.

घरातल्या माणसांना विचारून हे कळायचे नाही. गाडीला विचारावे लागते, आणि गाडी बहुधा गुळमुळीत उत्तर देते. हेडचेच, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचेच घ्या. शर्यतीसाठी गाडी तयार करायची तर पहिले काम हेड घासायचे. हेड पातळ झाले की कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, वाढते. टीसीच्या एक्सपीएजी इंजिनाचे हेड कारखान्यातून निघताना ७६.७५ मिलिमीटर जाडीचे असते. कॅलिपर लावा. पंचाहत्तरच्या आसपास आले तर लगेच पेढे वाटू नका. अनमोडच्या चढावर पाणी उकळून हेड वाकले आणि लेथवाल्याने फेसिंग मारून, म्हणजे घासून सपाट करून दिले, तरी माप तेवढेच येईल. एकटे हेड साक्षीला पुरत नाही. कार्बोरेटर मूळच्या सव्वा इंचीऐवजी दीड इंची एसयू कंपनीचे आहेत का, पोर्ट (हेडमधल्या हवेच्या वाटा) घासून गुळगुळीत केलेत का, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा नेहमीपेक्षा कडक आहेत का, हे सगळे एकत्र दिसले तर गोष्टीत जीव आहे असे समजा.

मग भोके बघा. भोके खोटे बोलत नाहीत, पण ती बघायला कंदील लागतो आणि धीर लागतो. बॉनेटवर चामडी पट्टा ओढल्याच्या घासखुणा. ड्रायव्हरच्या पुढ्यात छोटी काच बसवण्यासाठी पाडलेली आणि नंतर लांबी (पुट्टी) भरून बुजवलेली भोके. फायरवॉलवर, म्हणजे इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावर, कशासाठी होता ते कळत नाही असा एखादा कंस. आणि तेलाच्या सम्पचा, म्हणजे इंजिनाखालच्या भांड्याचा, ड्रेन प्लग काढून त्याच्या डोक्यात आरपार बारीक भोक आहे का, ते बघा. शर्यतीत प्लग ढिला होऊन ट्रॅकवर तेल सांडू नये म्हणून त्या भोकातून तार ओवून बांधतात. एवढ्याशा भोकावर माझा फार विश्वास आहे, कारण गाडीखाली झोपल्याशिवाय ते कोणाला दिसत नाही आणि न दिसणारी गोष्ट कोणी शोभेसाठी करत नाही.

शेवटी रंग. दाराच्या मधोमध, जिथे शर्यतीचा नंबर असतो, तिथे रुपयाएवढी जागा पाण्याच्या पेपरने हलक्या हाताने गोल गोल घासा. आधी सहाशेचा पेपर, मग हजाराचा, मग पंधराशेचा. प्रत्येक थराचे कडे दिसेल : वरचा रंग, त्याखालचा, प्रायमर, पत्रा. तेच बॉनेटच्या कडेला करा. बॉनेटवर नाही आणि दारावर मात्र मध्येच पांढरा थर आहे, असे निघाले तर काम थांबवा, उजेडात फोटो काढा आणि मग पुढे घासत जा. तो पांढरा थर आजोबांच्या काळातला गोल असू शकतो. तुमचा गॅरेजवाला खरा गोल सँडब्लास्टने उडवून त्याच जागी खोटा काढायला निघाला आहे. याला काय म्हणावे! शिवाय टीसीचे अंग म्हणजे लाकडाच्या चौकटीवर बेतलेला पातळ पत्रा. त्यावर दाबाने वाळू मारली की पत्रा तापून लहरतो, वाळू सांध्यांत शिरते आणि चेसीवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर) ठोकलेला नंबर पुसट होतो. नंबर पुसला की गाडीची जात गेली.

तो नंबर चेसीच्या डाव्या बाजूला पुढच्या टोकाजवळ असतो आणि त्याच्याशी जुळणारी पट्टी बॉनेटखाली. इंजिनावर अष्टकोनी पितळी बिल्ला असेल. तिथे एक्सपीएजीऐवजी एक्सपीएडब्ल्यू लिहिले असेल तर इंजिन वुल्झली फोर-फोर्टीफोर या घरगुती गाडीतून आले आहे, मग मकावचा विषय निम्मा संपला. एमजीचे चेसी नंबर ०२५१ पासून सुरू होतात, कारण कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता. तुमच्या कामाचे नाही, मला सांगायला आवडते. हे नंबर लिहून अबिंग्डनच्या एमजी कार क्लबला पाठवा. त्यांच्याकडे टी मालिकेचे वेगळे रजिस्टर आहे.

कागदांत पहिली शोधायची वस्तू म्हणजे पोर्तुगीज काळातले लिव्रेत, म्हणजे गाडीच्या नोंदणीचे पुस्तक. आधीचा मालक आणि आधीचा नंबर त्यात असायला हवा. ते नसेल तर कुठलीही पावती चालेल, आणि पावतीवर तारीख नसली तरी चलन बघा. आकडा रुपियात (पोर्तुगीज गोव्याचे जुने चलन) असेल तर ती १९५८-५९ च्या आधीची, इश्कुदात (पोर्तुगालचे चलन) असेल तर त्यानंतरची आणि डिसेंबर १९६१ पूर्वीची. त्यावरून आजोबांनी गाडी केव्हा घेतली याचा पट्टा आवळता येतो. मग पणजीला पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुन्या पोर्तुगीज वर्तमानपत्रांच्या फायलींसमोर बसा. अधिकाऱ्यांच्या बदल्यांच्या बातम्या तेव्हा छापून येत. तो अधिकारी मकावहून कोणत्या साली आला, हे सापडले तर त्याआधीच्या शर्यती किती, हे आपोआप ठरते. मकावला या शर्यतीचे स्वतंत्र संग्रहालय आहे. त्यांना गाडीचा जुना फोटो, अधिकाऱ्याचे नाव आणि चेसी नंबर पाठवून विचारा.

गाडी चालती करायला माझी हरकत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग, पेट्रोलची टाकी ही जिवाशी गाठ असलेली कामे, ती चोख करून घ्या. रंग, सीट, डॅशबोर्ड यांना यातले उत्तर येईपर्यंत हात नको. उत्तर 'नाही' आले तरी आजोबांची टीसी ती टीसीच राहते, आणि खोटे गोल काढलेल्या टीसीपेक्षा जाणकार गिऱ्हाईक तिला जास्त मान देतो.

प्रश्न : भाई, माझ्या सासऱ्यांची एमजीए म्हार्दोळला घरी आहे, जीडीने सुरू होणाऱ्या जुन्या नंबराची. सासरे जाऊन बरीच वर्षे झाली. सासूबाई आहेत, एक दीर लिस्बनला असतात, नणंद पुण्याला. गाडी पुसणे, ऊन दाखवणे, बॅटरी लावणे आजवर मीच केले. आता दिरांचा मुलगा म्हणतो, आरसी बुक माझ्याकडे आहे, म्हणजे गाडी माझी. गाडी नावावर करून व्हिंटेजचा नंबर घेता येईल का? आणि माझ्या कष्टांचे काय? (एक वाचक, म्हार्दोळ)

उत्तर : ताई, पुतण्याला सांगा, चावी सोनाराकडे ठेवली म्हणून घर सोनाराचे होत नाही. आरसी बुक हातात असणे आणि गाडी मालकीची असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली वाट आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. म्हणजे गाडी कागदावर सासऱ्यांची असली तरी अर्धी पहिल्यापासून सासूबाईंची आहे. उरलेल्या अर्ध्यात मुलगे आणि मुलगी सारखे. नणंद पुण्यात नांदते म्हणून तिचा वाटा कमी होत नाही, दीर लिस्बनला आहेत म्हणूनही नाही. सगळे एका मताचे असतील तर स्पेशल नोटरीकडे सक्सेशन डीड करून वारस ठरवून घ्या, मग बाकीच्यांची लेखी संमती घेऊन एकाच्या नावावर गाडी करा. भांडण असेल तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीची कारवाई. तिथे वारसांमध्येच बोली लागते, जास्त बोलणारा वस्तू घेतो आणि बाकीच्यांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे देतो. गाडीवर तुम्ही केलेल्या खर्चाच्या पावत्या जपून ठेवा आणि वाटणीच्या वेळी वकिलामार्फत मांडा. ऊन दाखवल्याचे पैसे मात्र कोणतेही कोर्ट देणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

वारस ठरले की वाहतूक खात्याकडे फॉर्म ३१. मालक वारल्यावर नाव बदलायचा तो फॉर्म आहे. मग व्हिंटेज. जुलै २०२१ पासून केंद्राचे वेगळे नियम आहेत : पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेली, धंद्यासाठी न वापरलेली दुचाकी किंवा मोटार. नवीन नोंदणीला वीस हजार रुपये, पुढच्या फेरनोंदणीला पाच हजार. नोंदणी दहा वर्षांची. नव्याने नोंदणी झाली तर नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येते. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आणि तुम्ही तो ठेवाच. जीडीची पाटी म्हणजे गोवा, दमण, दीव एकत्र असतानाची. ती आता कुठल्याही पैशाने विकत मिळत नाही. एक लक्षात घ्या : व्हिंटेज नोंदणीची गाडी बाजारहाटाला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, एवढेच.

आणि याच नियमात एक अट आहे ती लोक वाचतच नाहीत. गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसीत, बॉडीत किंवा इंजिनात फेरफार झालेला नको. आता एमजीएच्या बाबतीत यातला खड्डा कुठे आहे ते सांगतो. पहिल्या एमजीएचे इंजिन १४८९ सीसी, बीएमसीचे (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे) बी-सिरीज. आपल्या अँबॅसडरचे जुने पेट्रोल इंजिनही १४८९ सीसी, बीएमसीचेच बी-सिरीज. जुन्या मेकॅनिकांना हे पाठ होते. एमजीएचा ब्लॉक फुटला की अँबॅसडरचा चढवायचा, वर दोन एसयू कार्बोरेटर लावायचे, मालक खूश. बॉनेट उघडून बघणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना फरक कळत नाही. इंजिन नंबर बघा. बीपी१५जीबी अशा अक्षरांनी सुरू होत असेल तर इंजिन एमजीएचेच आहे. एमजीएची कारखान्यातली नोंद इंग्लंडमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे आहे. पैसे भरले की मूळ इंजिन नंबर, रंग, तयार झाल्याची तारीख यांचा दाखला मिळतो. तो दाखला वाटणीच्या आधी मागवा. गाडीची किंमत ठरवताना भांडण निम्म्याने कमी होईल.

प्रश्न : मी सुतार. एका पात्रांवाने (मालकाने) जुनी एमजी उघडून माझ्याकडे टाकली आहे. आतली लाकडाची चौकट वाळवीने खाल्ली. लाकूड इंग्लिश आहे, इकडे मिळत नाही. सागवान घालू की मत्ती? (एक मेस्त, सावईवेरे)

उत्तर : मत्ती नको. दारे-खिडक्यांना, तुळयांना राजा आहे, पण गाडीत जड होईल. मूळचे लाकूड अॅश. ते हलके नाही, लवचीक आहे. गाडी खड्ड्यात आदळली की चौकट थोडी पिळते आणि परत येते. या कामाला अॅशसारखे लाकूड नाही, मात्र आपल्या तीन हजार मिलिमीटर पावसात त्याला बुरशी आणि वाळवी दोन्ही धरतात. सागवान वजनाला जवळपास तेवढेच, त्यामुळे तोल बिघडत नाही. त्याचे दोन दोष सांभाळा. अंगात तेल असते म्हणून सरस नीट धरत नाही. सांधा अॅसिटोनने पुसून लगेच चिकटवा. आणि कडेजवळ स्क्रू सरळ मारला तर चिरते. आधी बारीक ड्रिल पाडा.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे सगळी चौकट बदलू नका. टोचणीने टोचत जा, जिथे टोक भुसभुशीत शिरते तेवढाच भाग कापा आणि लांब तिरका सांधा देऊन नवा तुकडा जोडा. कापलेला तुकडा, कितीही खाल्लेला असो, नंबर घालून पिशवीत पात्रांवाला परत द्या. त्यावर कारखान्यातल्या सुताराच्या पेन्सिलीच्या खुणा असतात, जुन्या स्क्रूंची भोके असतात. पात्रांव नाक मुरडेल. तरी द्या. दारे बसवताना गाडी चाकांवर उभी असू दे, लाकडी ठोकळ्यांवर नको; नाहीतर उतरवल्यावर फट बदलते आणि दोष तुमच्या माथी येतो.

प्रश्न : सर, मी फर्मागुढीला इंजिनिअरिंग शिकतो. चौकट बदलली, इंजिन बदलले, चाके बदलली, पत्रा बदलला, तर गाडी तीच कशी? (एक विद्यार्थी)

उत्तर : हा प्रश्न कोर्टात जाऊन आला आहे, बाळा. बेंटली स्पीड सिक्स, 'ओल्ड नंबर वन'. १९२९ आणि १९३० असे लागोपाठ दोनदा फ्रान्समधल्या ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली गाडी. पुढे तिचे रूप बदलत गेले. १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीला तिच्यात आठ लिटरचे इंजिन होते. त्या शर्यतीत क्लाइव्ह डन्फी गाडीसह कठड्यावरून गेला आणि मरण पावला. उरल्यासुरल्यातून पुन्हा बांधली तेव्हा तिला छताची बॉडी चढली. १९९० मध्ये ती विकायचा सौदा ठरला, एक कोटी पौंडांच्या घरातला. मग घेणाऱ्यांनी हात आखडता घेतला. त्यांचे म्हणणे, ले मान्सला होते ते लोखंड यात आता राहिलेच किती? लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला की ही 'ओल्ड नंबर वन'च आहे. ती कधी मोडीत काढून तिच्याजागी दुसरी उभी केली नाही. जे बदलले ते तिच्याच आयुष्यात, एकामागून एक, सर्वांना माहीत असताना बदलले.

म्हणून डिचोलीच्या वाचकांना मी कागदांमागे लावले. इंजिन १९५९ ला बदलले आणि त्याची पावती आहे, तर तो गाडीचा इतिहास झाला. तेच इंजिन मागच्या वर्षी गुपचूप बदलले आणि वर जुना बिल्ला ठोकला, तर ती बनवाबनवी. लोखंड दोन्हीकडे सारखेच. तुझ्या अभ्यासक्रमात हे येणार नाही, पण कधी जुन्या गाडीवर काम केलेस तर वही ठेव : काय काढले, का काढले, काय घातले, तारीख.

प्रश्न : आमची एमजी टीडी डाव्या स्टिअरिंगची आहे. म्हणजे ती पोर्तुगालात शर्यतीत पळालेली असणार ना? (एक वाचक, वास्को)

उत्तर : नाही. टीसी फक्त उजव्या स्टिअरिंगची बनली, तिच्यानंतरची टीडी दोन्ही तऱ्हेची, आणि बहुतेक टीडी अमेरिकेला गेल्या. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची उजवी बाजू धरली, गोव्याने शेजाऱ्यांमुळे डावीच ठेवली. तेव्हा तुमची गाडी उजवीकडून चालणाऱ्या कुठल्यातरी देशासाठी बनली, एवढेच स्टिअरिंग सांगते. शर्यतीचे ते काही सांगत नाही.

प्रश्न : टीसीला नवी बॅटरी लावली आणि धूर निघाला. शिवाय एकही पाना धड बसत नाही, बारा-तेरा दोन्ही फिरतात. गाडीत कोणी भलतेच नटबोल्ट घातलेत का? (एक मेकॅनिक, साखळी)

उत्तर : धूर निघाला कारण त्या काळच्या इंग्लिश गाड्यांना बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला असतो, तुम्ही नेहमीच्या सवयीने निगेटिव्ह लावला. डायनामो आणि कटआउट तपासा, वायरिंगचे आवरण वितळले असेल तेवढी तार बदला, आणि बॅटरीच्या पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. नटबोल्ट भलते नाहीत. एमजीची मूळ कंपनी मॉरिस, तिने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिनांचा कारखाना घेतला, त्याबरोबर फ्रेंच यंत्रे आली. तिथून या इंजिनांचे आटे मेट्रिक राहिले आणि डोकी मात्र इंग्लंडच्या व्हिटवर्थ पान्याची. व्हिटवर्थ पाने आणा. आणि आटे मेट्रिक म्हणून बाजारातला आठ मिलिमीटरचा बोल्ट पिळू नका. त्याचा पिच (दोन आट्यांतले अंतर) सव्वा मिलिमीटर, तुमचा एक. ब्लॉकमधले आटे गेले की मग रडायचे.

प्रश्न : हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनी गाडी बिघडते, असे सगळे म्हणतात. पावसाळ्यात तर गाडी चार महिने उभीच. काय करावे? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : बिघडते ती मुख्यतः उभी राहून. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, आणि जुलैत आपल्याकडे हवेत दुसरे असते तरी काय? टाकीच्या तळाला ते पाणी साचते आणि आतून गंज धरतो. जुने रबरी पाइप फुगून सुटतात, जुन्या एसयूतल्या कॉर्कच्या सीलमधून गळायला लागते. टाकीला पूर्वी कोणी आतून लेप दिला असेल तर त्याचे पापुद्रे निघून पंपात अडकतात. तेव्हा पाइप व्हायटनचे (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे) घाला, सील बदला, टाकी उतरवून आत टॉर्च मारून बघा. मिश्रण थोडे पातळ पडते म्हणून कार्बोरेटरखालचा जेटचा नट एक-दोन पैलू खाली घ्या आणि प्लगचा रंग बघा : विटकरी-तपकिरी बरा, पांढराफटक नको.

मे अखेरीस टाकी आणि फ्लोटचे भांडे रिकामे करा, बॅटरी काढून घरात ठेवा, हँडब्रेक सोडून चाकांना ठोकळे लावा, नाहीतर ड्रमला लायनिंग चिकटते. वर प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर चालते. पंधरवड्यातून एकदा प्लग काढून चार थेंब तेल सोडा आणि हँडलने इंजिन हाताने फिरवा. आणि पडवीच्या ज्या खांबाला वाळवीची माती दिसते त्या खांबाजवळ गाडी उभी करू नका, सावईवेऱ्याच्या मेस्ताला काम वाढते.